घर गरम ठेवायला कोणतं इंधन स्वस्त पडतं? मोजमापाच्या नोंदी

४ नोव्हेंबर: काय मोजायचं

इंधनांची तुलना बहुतेक वेळा भावावर होते. लाकूड किलोला इतकं, डिझेल लिटरला इतकं, वीज युनिटला इतकी. किलो, लिटर आणि युनिट एकमेकांशेजारी मांडून काहीच कळत नाही. त्यामुळे सगळं एका मापात आणायचं ठरवलं: खोलीला प्रत्यक्ष मिळालेल्या एका युनिट उष्णतेला काय पडलं? युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच युनिट, एक किलोवॅट-तास. ३.६ मेगाज्यूल किंवा ८६० किलोकॅलरी म्हणा, गोष्ट एकच.

सूत्र एका ओळीत बसतं:

खरा भाव = विकत घेतानाचा भाव ÷ (एका किलोतली, लिटरमधली किंवा घनमीटरमधली उष्णता × कार्यक्षमता)

भाव रोज बदलतो आणि तो ज्याचा त्याला माहीत असतो. छेदातला आकडा भावावर अवलंबून नसतो. त्याला पुढे ‘गुणक’ म्हटलं आहे. गुणक एकदा नीट काढला की पुढे फक्त भागाकार उरतो. म्हणून या नोंदींत पैशांचा एकही आकडा नाही. सगळी मेहनत छेदावर आहे, कारण चुकाही तिथेच होतात.

माहितीपत्रकांतली कार्यक्षमता जशीच्या तशी घ्यायची नाही, असंही पहिल्याच दिवशी ठरलं. ती चाचणीखोलीतली असते: वाळलेलं इंधन, पूर्ण जाळ, चिमणीची योग्य ओढ. घरात या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र येतात.

७ नोव्हेंबर: साहित्य आणि पद्धत

पद्धतीचा पाया साधा विजेचा हीटर आहे. तो घेतलेली सगळी वीज उष्णता म्हणून खोलीतच सोडतो. पंख्याचा, तेल भरलेला, लाल कॉइलचा किंवा ‘इन्फ्रारेड’ असं छापलेला, कोणताही घ्या. एका युनिटमागे उष्णता एकच युनिट. महागडा हीटर कमी विजेत जास्त उष्णता देतो हा दावा कुठे दिसला तर तिथून पुढे वाचू नये. म्हणजे विजेचा हीटर हा आपला वजनकाटा. आधी त्याच्यावर खोली किती उष्णता गमावते ते काढायचं, मग तीच खोली दुसऱ्या इंधनावर तापवून इंधन किती लागलं ते तोलायचं.

लागलेलं साहित्य:

- प्लगमध्ये बसणारा वीजमीटर, १६ अँपिअरचा
- नोंद ठेवणारे तीन तापमापक: खोलीच्या मध्यावर एक, बाहेर सावलीत एक, शेजारच्या खोलीत एक
- ४० किलोपर्यंतचा सपाट वजनकाटा, २० ग्रॅमपर्यंत वाचणारा
- लाकडाचा दोन टोच्यांचा ओलावामापक
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. जाळ असलेल्या कोणत्याही चाचणीला तो नसेल तर चाचणी करायची नाही

पैसे वजनकाट्यावर घाला. स्वस्त काट्याची चूक १०० ग्रॅमची असते आणि रात्रभरात किलोभर गॅस जळणार असेल तर तेवढ्याने उत्तर दहा टक्क्यांनी हलतं.

खोली २० चौरस मीटर, उंची २.७ मीटर, म्हणजे ५४ घनमीटर. दोन बाहेरच्या भिंती, एक खिडकी.

११ नोव्हेंबर: गळती-अंक, पहिला प्रयत्न फुकट

गळती-अंक म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक ठेवायला लागणारे वॅट. थंड खोलीत संध्याकाळी हीटर लावून लगेच मोजायला सुरुवात केली तेव्हा तो १०४ आला. त्या रात्रीची वीज हवेपेक्षा भिंतींनी आणि फरशीनेच जास्त प्यायली. भिंती तापत असेपर्यंतचं कोणतंही माप निरुपयोगी असतं.

आता क्रम असा: आदल्या दिवसापासून खोली २० अंशांवर धरून ठेवायची. मोजणी फक्त रात्री ११ ते पहाटे ५, म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही. सुरुवातीला आणि शेवटी आतलं तापमान सारखंच हवं. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त फरक पडला तर ती रात्र सोडून द्यायची.

१६ नोव्हेंबर: गळती-अंक ठरला

सहा तासांत ६.३ युनिट, तापमानातला फरक सरासरी १५ अंश. ६३०० वॅट-तास भागिले ६ तास, भागिले १५ अंश: ७० वॅट दर अंशाला. पुढच्या शांत रात्री ६८, वाऱ्याच्या रात्री ७५. वाऱ्याचा परिणाम एवढा असेल असं वाटलं नव्हतं. यापुढच्या सगळ्या चाचण्या शांत हवेतल्याच धरल्या आणि अंक ७० ठेवला.

या मापात चुकण्याच्या तीन जागा:

खोलीतला माणूस. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे दीड अंशाची बेगमी. मोजणीत खोली रिकामी हवी, नाहीतर तेवढे वॅट हिशेबात धरा.

खोलीतली इतर विजेची उपकरणं. त्यांचीही वीज शेवटी उष्णताच होते. एक्स्टेंशन बोर्ड एकच ठेवून सगळं त्याच मीटरमधून घेतलं की प्रश्न मिटतो.

शेजारची खोली. ती थंड पडत गेली तर मधली भिंतही उष्णता पळवते आणि अंक फुगतो. म्हणून तिसरा तापमापक. शेजारची खोली रोज साधारण त्याच तापमानावर राहिली पाहिजे.

२३ नोव्हेंबर: सरपण, ओलाव्याचा गोंधळ

लाकडाचा हिशेब ओलाव्यापासून सुरू होतो आणि बहुतेकांचा तो तिथेच बिघडतो.

पहिली गोष्ट, मापक कुठे टोचायचा. ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला तो नेहमी कमी दाखवतो, कारण टोक आधी वाळतं. ओंडका मधोमध फोडायचा, ताज्या फाकेच्या मध्यावर, रेषांच्या दिशेने टोचायचा. त्याच ओंडक्यावर टोकाला १७ आणि आत २८ असा फरक मिळाला.

दुसरी गोष्ट, २८ टक्के कशाचे? टोच्यांचे मापक साधारणपणे पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडतात. इंधनाच्या तक्त्यांत मात्र ओलावा एकूण वजनावर दिलेला असतो. बदलायचं सूत्र सोपं: २८ भागिले १२८, म्हणजे २२ टक्के. ही पायरी वगळली तर बरं लाकूडही वाईट दिसतं.

तिसरी गोष्ट, ओल्या लाकडावर मापकाचा भरवसा नाही. तिशीच्या वर आकडे भरकटायला लागतात. तिथे ओव्हनच हवा: फाकेच्या आतल्या भागाचा तुकडा तोलायचा, १०३ अंशांवर ठेवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. साधारण एक दिवस लागतो. ओल्या ढिगातला तुकडा ४१२ ग्रॅमचा २६८ ग्रॅम झाला. पाणी १४४ ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या ३५ टक्के.

किलोमागची उष्णता आता काढता येते. पूर्ण कोरड्या लाकडात साधारण १९ मेगाज्यूल असतात, जात कोणतीही असो. राळ असलेल्या लाकडात किंचित जास्त. पाण्याचा हिस्सा वजा करायचा, वर ते पाणी वाफ करायला किलोमागे २.४४ मेगाज्यूल जातात तेही वजा करायचे. २२ टक्क्यांना ३.९७ युनिट, ३५ टक्क्यांना ३.१९ युनिट.

२ डिसेंबर: लाकडाचा स्टोव्ह, वाळलेलं सरपण

स्टोव्ह ६ किलोवॅटचा, खोलीची गरज १ किलोवॅटच्या आसपास. आधी हवेची झडप जवळजवळ बंद करून मंद जाळ रात्रभर ठेवून पाहिला. काच काळी, धूर दाट, चिमणीत चिकट काजळी, आणि किलोमागे दोन युनिटही हाती आले नाहीत. लाकडाच्या उष्णतेचा मोठा भाग त्यातून निघणाऱ्या वायूंत असतो. ते वायू जळायला भट्टी तापलेली हवी आणि हवा पुरेशी हवी. झडप आवळली की हे वायू न जळताच चिमणीतून बाहेर जातात. मंद जाळ म्हणजे बचत, हा समज इथे मोडीत काढला.

मग पद्धत बदलली. थोडं सरपण, हवा मोकळी, जोरदार जाळ, निखारा झाला की थांबायचं, खोली उतरली की पुन्हा. बारा तासांत तीन जाळ, एकूण ५.२ किलो. खोली १७ ते २५ अंशांत वरखाली होत राहिली, सरासरी २०. फरक सरासरी १६ अंश.

खोलीला मिळालेली उष्णता: ७० × १६ × १२ = १३.४ युनिट. किलोमागे २.६. कार्यक्षमता ६५ टक्के. माहितीपत्रकावर ७८ होती. मधले १३ टक्के कुठे गेले? पेटवतानाची थंड भट्टी, आणि चिमणीने ओढून नेलेली खोलीतली गरम हवा. दुसरा हिस्सा कोणत्याही पत्रकात सापडणार नाही, कारण तो स्टोव्हचा नसून खोलीचा तोटा आहे. पण पैसे आपणच देतो, म्हणून २.६ हाच गुणक.

या चाचणीत दोन रात्री तापमापकाने वाया घालवल्या. स्टोव्हसमोरच्या तापमापकावर थेट आच पडते आणि तो हवेपेक्षा चारपाच अंश जास्त दाखवतो. ॲल्युमिनियमच्या कागदाची सैल नळी त्याच्याभोवती, वरखाली उघडी, एवढ्याने काम झालं. शिवाय छताजवळ आणि फरशीजवळ सहा अंशांचा फरक होता. छोटा पंखा सावकाश फिरता ठेवला तेव्हा कुठे मध्यावरच्या आकड्याला अर्थ आला.

भिंतीतल्या उघड्या चुलाण्यावर वेळ घालवला नाही. जाळाच्या उष्णतेपैकी दहावीस टक्केच खोलीत येतात, आणि विझत आलेला जाळ व उघडं धुराडं खोली उलट थंड करतात.

९ डिसेंबर: ओलं सरपण

तीच पद्धत, ३५ टक्के ओलावा. किलोमागे १.७ युनिट. यात आश्चर्य नाही, किलोत पाणीच जास्त होतं. पण हिशेब पुढे नेला की खरी गोष्ट कळते.

कोरड्या भागाच्या किलोमागे पाहू. कागदावर वाळलेल्या सरपणात ५.१ आणि ओल्यात ४.९ युनिट. म्हणजे जास्तीच्या पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता जेमतेम चार टक्के. प्रत्यक्षात मात्र खोलीला मिळाले वाळलेल्यातून ३.३ आणि ओल्यातून २.६. तूट वीस टक्क्यांच्या वर. ओलं लाकूड महाग पडतं ते त्यातलं पाणी उकळावं लागतं म्हणून नव्हे, तर पाण्यामुळे भट्टी थंड राहते आणि वायू न जळता निघून जातात म्हणून. चिमणीत साचलेली काजळी म्हणजे तेच न जळलेले वायू, आणि ती पुढे चिमणीच्या आगीचं कारण होते.

खरेदीसाठी यातून निघणारा नियम: सरपण वजनावर घ्यायचं असेल तर मापक खिशात हवा, नाहीतर पाण्याचे पैसे भराल. घनमापावर घेतलं तर हाती येणाऱ्या लाकडात ओलाव्याने फारसा फरक पडत नाही, पण रचून मोजलं की ओतून ते विचारावं. रचलेल्या एका घनमीटरमध्ये साधारण ०.७ घनमीटर लाकूड असतं, ओतलेल्यात ०.४ ते ०.५. एकाच भावात दोन्ही विकली जातात. आणि घनमापावर घेताना लाकडाची जात महत्त्वाची: किलोमागे सगळी लाकडं सारखी असली तरी घनमीटरमागे जड लाकडात हलक्याच्या दीडपट उष्णता सहज असते.

१८ डिसेंबर: पेलेट

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले दाणे. इथे ओलाव्याची कटकट नाही. चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि उष्णता किलोमागे साधारण ४.८ युनिट. बारा तास, फरक १७ अंश, ३.६५ किलो लागले. खोलीला १४.३ युनिट, किलोमागे ३.९.

पण स्टोव्हनेही वीज खाल्ली: पेटवणारी कॉइल, दाणे सरकवणारा स्क्रू, दोन पंखे. मिळून ०.६ युनिट, म्हणजे किलोमागे ०.१६. ती उष्णता खोलीतच राहिली असली तरी तिचे पैसे वेगळे दिले आहेत, म्हणून गुणकातून वजा. उरला ३.७५.

वीज वाढायचं एक कारण सापडलं. स्टोव्ह सर्वांत मंद ठेवला तरी खोलीच्या गरजेपेक्षा जास्त देतो, त्यामुळे तो दर तासाला बंद पडून पुन्हा पेटत होता. प्रत्येक वेळी पेटताना कॉइल काही मिनिटं ३०० वॅट घेते आणि तेवढा वेळ दाणे नुसते धुमसतात. थर्मोस्टॅट बंद-चालूच्या मधलं अंतर अर्ध्या अंशावरून दोन अंशांवर नेलं, पेटण्याच्या वेळा निम्म्याहून कमी झाल्या. वरचे आकडे त्यानंतरचे. जाळाच्या भांड्यातली राख रोज काढली नाही तर भोकं बुजतात आणि ज्योत पिवळी, आळशी होते.

३ जानेवारी: एलपीजी, बिनचिमणीचा हीटर

चाकांचा, पाठीत सिलिंडर बसणारा हीटर. याच्या कागदावर कार्यक्षमता १०० टक्के लिहिलेली असते, आणि ती खोटी नाही. धुराडंच नाही, सगळं खोलीतच येतं. अडचण ‘सगळं’ या शब्दात आहे. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीत येतं, कार्बन डायऑक्साइड वेगळा. खिडकी उघडी ठेवणं भाग आहे, आणि खिडकीतून उष्णता जाते.

हिशेब आधी कागदावर केला. हवेचा तोटा म्हणजे ०.३३ (एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला लागणारे वॅट-तास) × तासाला बदलणाऱ्या हवेचं घनमाप. खिडकीच्या फटीने तासाला दीड पट हवा जास्त बदलली तर ०.३३ × १.५ × ५४, म्हणजे दर अंशाला २७ वॅट वाढीव. गळती-अंक ७० वरून ९७. हीटरच्या उष्णतेतला ७० भागिले ९७, म्हणजे ७२ टक्के हिस्साच कामाचा.

प्रत्यक्ष: दहा तास, फरक १५ अंश, १.१४ किलो गॅस. कामाची उष्णता १०.५ युनिट, किलोमागे ९.२. किलोत १२.८ युनिट धरले तर बरोबर ७२ टक्के. कागद आणि काटा इतके जुळणं हा थोडा योगायोगच, खिडकीची फट अंदाजानेच ठेवली होती.

फट असूनही पहाटे काचांवर पाणी होतं. रात्रभरात पावणेदोन लिटरहून जास्त वाफ खोलीत आली होती. खिडकी बंद ठेवून मोजायचा मोह होईल, गुणक छान येईल. ते करू नये. या हीटरच्या खोलीत झोपूही नये. चाचणीत आळीपाळीने जागं राहून शेजारच्या खोलीतून अलार्मवर लक्ष ठेवलं.

सिलिंडरची एक गोम. मिश्रणात ब्युटेन जास्त असेल तर थंडीत ते नीट वाफ होत नाही. ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळतं, प्रोपेन उणे ४२ अंशांना. ज्योत बारीक झाली म्हणून सिलिंडर रिकामा समजून परत दिला जातो, आत गॅस तसाच. परत देण्याआधी तोला आणि वर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. पाच टक्के गॅस परत जात असेल तर गुणक पाच टक्क्यांनी खाली आला असं समजा.

रॉकेलच्या बिनचिमणीच्या हीटरवर वेगळी रात्र घालवली नाही. गणित तेच: लिटरमध्ये सुमारे ९.६ युनिट, लिटरमागे १.१ किलो पाणी, खिडकी तेवढीच उघडी. गुणक ६.९. वात काजळली की वास येतो आणि आकडा आणखी उतरतो.

लोणारी कोळशाची शेगडी यादीतून पूर्ण काढली. किलोत आठ युनिट असतात, पण बंद खोलीत ती माणसं मारते. तिचा गुणक काढायचं कारणच नाही.

१२ जानेवारी: पाइपचा गॅस, बॉयलर आणि बादली

एका खोलीची पद्धत बॉयलरला लागू पडत नाही, तो पाणी तापवून रेडिएटरांत फिरवतो आणि सगळं घर तापवतो. पण इथली सर्वांत मोठी चूक मोजणीत नसून तक्त्यात होते.

इंधनाची उष्णता दोन प्रकारे लिहितात. स्थूल, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी झाल्यावर मिळणारी उष्णताही धरून. आणि निव्वळ, म्हणजे ती सोडून. नैसर्गिक वायूत दोन्हींत अकरा टक्क्यांचं अंतर, डिझेलमध्ये सहासात. गॅसचं बिल अनेक ठिकाणी स्थूल आकड्यावर निघतं, बॉयलरची कार्यक्षमता मात्र निव्वळवर छापलेली असू शकते. १०४ टक्के असं कुठे दिसलं की समजावं, ती निव्वळवरची आहे. घनमीटरमागे स्थूल १०.८ युनिट घेऊन त्याला १.०४ ने गुणलं तर ११.२ येतात, जे अशक्य आहे. खरं उत्तर १०.१. पहिल्या तक्त्यात हाच घोळ होता आणि त्यामुळे गॅस उगाच स्वस्त दिसत होता.

वाफेची उष्णता खरंच मिळते का, हे बघायला उपकरण लागत नाही, बादली लागते. बॉयलरचा पाणी टाकणारा पाइप बादलीत सोडा आणि त्याच वेळात मीटर किती फिरला ते लिहा. रेडिएटरांकडे जाणारं पाणी ७२ अंशांवर होतं तेव्हा तिथून परतीचं ६१ आणि बादली जवळजवळ कोरडी. गॅसच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांच्या खालीच पाणी होते, त्यामुळे परतीचं पाणी याहून गरम असेल तर ‘कंडेन्सिंग’, म्हणजे वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेणारा, बॉयलर नावापुरता. जाणारं ५५ वर आणलं, परतीचं ४२ झालं, घनमीटरमागे ०.९ लिटर पाणी बादलीत आलं. प्रत्येक लिटर म्हणजे ०.६८ युनिट परत मिळाले. गुणक ९.४ वरून १०.०. खर्च शून्य, एक बटण फिरवायचं. रेडिएटर हाताला कोमट लागतात, घर तापायला वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळी तासभर आधी सुरू करावा लागतो.

डिझेलच्या साध्या बॉयलरला लिटरमध्ये निव्वळ १० युनिट आणि ८५ टक्के धरून ८.५ लिहिलं.

२१ जानेवारी: हीट पंप

भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी, गरम करण्याच्या मोडवर. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून घेतलेल्या विजेच्या काही पट उष्णता देतो. वीजमीटर स्वतंत्र सर्किटवर बसवला, म्हणजे बाहेरचा पंखा, बर्फ वितळवण्याची फेरी आणि बंद असतानाची वीजही त्यात आली. डब्यावरचा या पटीचा आकडा बाहेर ७ आणि आत २० अंश असतानाचा असतो. थंडी नेहमी सात अंशांवर थांबत नाही.

मोजलेली पट: बाहेर ८ अंश असताना ३.६, २ अंश असताना २.६, उणे ४ असताना २.२. आठ ते दोन अंशांत पट धाडकन उतरली, दोन ते उणे चारमध्ये कमी. कारण दमट हवा. शून्याच्या आसपास हवेत पाणी भरपूर असतं, ते बाहेरच्या जाळीवर बर्फ होऊन बसतं आणि यंत्र दर काही वेळाने उलटं फिरून, खोलीचीच उष्णता घेऊन, तो वितळवतं. कोरड्या कडक थंडीत हा त्रास कमी.

हंगामाची सरासरी काढताना एक सापळा आहे. समजा ८ अंशांचे १००० तास, २ अंशांचे ४००, उणे ४ चे १००. तासांवर सरासरी काढली तर ३.२४ येते. पण थंड तासांत उष्णता जास्त लागते. खोलीला लागणारे युनिट अनुक्रमे ८४०, ५०४, १६८, मिळून १५१२. वीज २३३ + १९४ + ७६, मिळून ५०३. भागाकार ३.०. हाच खरा. पट नेहमी उष्णतेच्या वजनाने काढायची, आणि त्यासाठी आधी प्रत्येक तापमानाचे युनिट व त्यांची वीज वेगळी मांडून मग बेरजांचा भागाकार करायचा.

३० जानेवारी: तक्ता

साध्या विजेच्या हीटरचं एक युनिट म्हणजे १ धरून:

- वाळलेलं सरपण, किलो: २.६
- ओलं सरपण, किलो: १.७
- पेलेट, किलो: ३.७५
- एलपीजी, बिनचिमणीचा हीटर, किलो: ९.२
- रॉकेल, बिनचिमणीचा हीटर, लिटर: ६.९
- डिझेल बॉयलर, लिटर: ८.५
- पाइपचा गॅस, घनमीटर: ९.४ ते १०.०
- हीट पंप, विजेचं युनिट: ३.०

वापर असा. पेलेटच्या किलोचा भाव विजेच्या एका युनिटच्या ३.७५ पटींहून कमी असेल तर पेलेट साध्या हीटरपेक्षा स्वस्त. हीट पंपशी स्पर्धा असेल तर प्रत्येक गुणकाला तीनने भागा. मग पेलेटला १.२५ पट, वाळलेल्या सरपणाला ०.८७, एलपीजीला ३.१, डिझेलला २.८, गॅसला ३.३ इतकीच मोकळीक उरते. सरपण ०.८७ पटींखाली म्हणजे एक किलो लाकूड विजेच्या एका युनिटपेक्षाही स्वस्त मिळायला हवं. सरपण घरचं नसेल तर ही अट बऱ्याच जणांना जड जाईल.

पेलेट, लाकूड आणि एलपीजीचे आकडे या एका खोलीचे आणि या हीटरांचे आहेत. इंधनातली उष्णता तीच राहील, कार्यक्षमता तुमची तुम्ही मोजा.

६ फेब्रुवारी: ठरलेले खर्च

चिमणीची सफाई, बॉयलरची वार्षिक देखभाल, टाकीचं भाडं, हे सगळं वर्षाला लागणाऱ्या एकूण युनिटांत वाटायचं. समजा वर्षाचा असा खर्च विजेच्या ३०० युनिटांच्या किमतीएवढा आहे. वरच्या खोलीला वर्षाला १५१२ युनिट लागतात, तर प्रत्येक युनिटवर ०.२ चा बोजा. पूर्ण घराला १२,००० लागत असतील तर ०.०२५. त्यामुळे एकाच खोलीसाठी बॉयलर, टाकी असं काही करणं जवळजवळ कधीच परवडत नाही, इंधन कितीही स्वस्त असो. मोठ्या, गळक्या घरात हाच खर्च दिसेनासा होतो. यंत्राची खरेदी वेगळ्या रकान्यात ठेवली. ती या बेरजेत मिसळली तर आधीच घरात असलेल्या स्टोव्हवर अन्याय होतो.

विजेचा भाव टाकताना सरासरी दर घ्यायचा नाही. टप्प्याटप्प्याने दर वाढत असेल तर हीटरची युनिटं सगळ्यांत वरच्या टप्प्यात पडतात, तोच दर तक्त्यात हवा. रात्रीचा दर वेगळा असेल तर रात्री किती युनिट खर्च झाली ते मीटरवरून वेगळं लिहा. मीटरचा स्थिर आकार हीटरच्या नावावर टाकू नये, हीटर बंद ठेवला तरी तो भरावाच लागतो. गॅसची जोडणी मात्र फक्त घर तापवायलाच ठेवली असेल, तर तिचा स्थिर आकार पूर्णपणे गॅसच्या रकान्यात जाईल.